सासूबाईंची जीभ

सासूबाईंनी तिसरा पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, “हिला फार घाई आहे.”

“कुणाला, आई?”

“ह्या वाइनला. तोंडात आली नाही तोच निघाली.”

सुनेने पेन वहीवर आडवं ठेवलं आणि कपाळ चोळलं. वाइनच्या एका दुकानात ती चाखण्याचं काम करायची. रोजच्या घरच्या जेवणाबरोबर कुठली वाइन घ्यावी हे सांगणारी छोटी कार्डं लिहायची आणि दर शनिवारी सकाळी ती बाटल्यांच्या गळ्यात अडकवायची. गिऱ्हाईक किमतीआधी कार्ड वाचायचं. पण तीन आठवड्यांपूर्वी तिला ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. वासापाठोपाठ चवही गेली. मागचे तीन शनिवार तिने जुन्या वह्यांवर निभावून नेले. आता मात्र सहा नव्या बाटल्या आल्या होत्या आणि कार्डं उद्या हवी होती. घरी तिने सर्दी झाली आहे एवढंच सांगितलं होतं. दुकानात तेवढंही नाही.

“आंबट आहे का? तुरट? दहात किती?”

“दहात किती म्हणजे काय? माझ्या जिभेला वजनकाटा लावलाय का?”

“बरं, राहू दे. माशाबरोबर कशी लागते ते सांगा.”

सासूबाईंनी ताटलीतल्या परतलेल्या माशाचा तुकडा मोडला, सावकाश खाल्ला, वर एक घोट घेतला आणि डोळे मिटले. सून पेन सरसावून बसली.

“मासा गप्प बसला,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे चांगली की वाईट?”

“तुझ्यासमोर माझा मुलगा गप्प बसतो, ते चांगलं की वाईट?”

सुनेने टेबलावरचं भांडं पुढे सरकवलं. “आणि घोट गिळू नका असं मी दोनदा सांगितलं. थुंकायला भांडं ठेवलंय ना.”

“तोंडात घातलेलं मी आजवर फक्त औषध थुंकलंय.”

चौथी बाटली उघडली. तिच्या जोडीला शिजवलेला मसूर होता. ह्या वेळी सासूबाईंनी जरा लवकर निकाल दिला. “जमतं दोघांचं. दोघांचेही पाय जमिनीवर आहेत.”

“‘मातीचा गंध’ असं लिहू?”

“गंध कशाला? मी पाय म्हणाले.”

“आई, हे लोक वाचणार आहेत. पैसे देऊन बाटली नेणार आहेत. पाय आहेत, घाई आहे, मासा गप्प बसला, असलं लिहून कोण घेईल?”

“मग तू चाख की. नाक चोंदलंय, जीभ तर नाही ना चोंदली?”

“सर्दीत चव कळत नाही,” असं म्हणून सून वहीत वाकली. ‘पाय’ खोडून तिने ‘संयत’ लिहिलं, तेही खोडलं. मग जुनी पानं उलटून शब्द शोधायला लागली. तिच्या पाठीमागे शेगडीवर बटाट्याचे काप होते. सासूबाई हात पदराला पुसत तिच्याकडे बघत राहिल्या. उठल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने त्या शेगडीपाशी गेल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. बटणाच्या आवाजाने सुनेने मागे वळून पाहिलं. काप कोळशासारखे झाले होते आणि ओट्यावर निळसर धूर साचला होता.

“अहो, लक्ष होतं ना तुमचं? मग उठायचं नाही का? आता पुन्हा सगळं पहिल्यापासून.”

“मी मुद्दामच बसून राहिले,” सासूबाई म्हणाल्या. “पलीकडच्या बाईने करपल्याचा वास येतो म्हणून खिडकी लावून घेतली. तू हातभर अंतरावर बसलेली, मान वर केली नाहीस. ही सर्दी नव्हे. कधीपासून?”

सुनेने वही मिटली. “एकवीस दिवस झाले.”

“त्याला माहीत आहे?”

“नाही.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“येईल परत, म्हणाले. कधी ते नाही सांगितलं. दुकानात कळलं तर उद्यापासून येऊ नका म्हणतील, आई. नाक नसलेली चाखणारी कोण ठेवून घेईल?”

सासूबाई तवा घेऊन टेबलाशी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे एकवीस दिवस तुला माझ्या हातचं काही कळत नव्हतं. आणि रोज जेवताना ‘छान झालंय, आई’ म्हणत होतीस.”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

“तेवढं कळतं मला. मी दुसराच विचार करतेय.” त्यांनी सुरीने एक काप तव्यापासून सोडवला. “बारा वर्षं तू हेच म्हणतेस. ह्या एकवीस दिवसांत तुझ्या आवाजात काहीच फरक पडला नाही.”

सुनेसमोर मिटलेली वही होती. एकेका वाइनसाठी तिने त्यात पानपानभर शब्द लिहून ठेवले होते. तिने वही बाजूला सारली.

सासूबाईंनी पाचव्या बाटलीतली थोडी वाइन स्वतःच ओतून घेतली. काळ्या कापाचा तुकडा तोंडात टाकला, चावला, तोंड वाकडं केलं आणि वर मोठा घोट घेतला. मग त्या पेल्याकडे पाहत राहिल्या.

“लिही,” त्या म्हणाल्या. “ही करपलेल्यालाही सांभाळून घेते.”

सुनेने कोरं कार्ड पुढे ओढलं आणि एकही शब्द न बदलता लिहिलं.