चिवळीचा डबा

चिवळ निवडायला बसल्या की पार्बताबाई कुणाचं ऐकत नसत. एकेका काडीचं मूळ नखानं खुडायचं, माती झटकायची आणि पाणी नितळ येईपर्यंत धूत राहायचं. सून मंजुषा समोर बसून हात लावत होती, पण तिचं लक्ष भाजीत नव्हतं. आतल्या खोलीत तिचा नवरा किशोर तापानं फणफणला होता. आज डबा घेऊन नांदगाव पेठेला कोण जाणार, हे सकाळपासून घरात कुणी तोंडातून काढलं नव्हतं.

शेवटी सासूनंच विषय काढला.

"किशोर पडला हाय, तं तू जाय. जीवनले म्हणा, ऊन ऊन हाय तवर खाय."

मंजुषा हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

जीवन हा किशोरचा धाकटा भाऊ. त्यानं पसंत केलेली मुलगी आईनं मोडता घातल्यामुळे हातची गेली. त्या दिवसापासून त्यानं आईशी बोलणं टाकलं, अकोल्याचं घर सोडलं आणि अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात लागून तिथंच खोली केली. मग एका संध्याकाळी सुटी होऊन रस्ता ओलांडताना ट्रकनं त्याला उडवलं. जागेवरच गेला.

नेमकं त्याच आठवड्यात पार्बताबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. किशोरनं भावाला अमरावतीतच अग्नी दिला, आईला दिसू नये म्हणून डोकंसुद्धा भादरलं नाही आणि नातेवाइकांच्या हातापाया पडून त्यांना गप्प केलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं उलटली. जीवन तसाही आईशी बोलत नव्हता, त्यामुळे त्याचं न बोलणं घरात खपून गेलं.

पुढं बरं वाटल्यावर पार्बताबाई चार बायकांबरोबर काशी-गयेला जाऊन आल्या आणि त्यांचा ताठा पार उतरला. पूर्वी जीवनचं नाव काढलं की कडाडणारी ही बाई त्या फाल्गुनात आपण होऊन चिवळ रांधायला बसली. माझ्या पोराला आवडते, नेऊन दे म्हणाली. किशोरचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता. तेव्हापासून दरवर्षी कांद्याच्या वाफ्यांत चिवळ दिसू लागली की घरातून डबा निघे. मंजुषाला वाटे, सासूबाईंनी राग गंगेत सोडला खरा, पण फार उशिरा सोडला.

किशोर तो डबा त्या रस्त्याच्या कडेला नेऊन उपडा करी. कावळे, कुत्री जे येईल ते खाई. मग कुठल्या तरी नळावर डबा धुवायचा, रिकामा परत देऊ नये म्हणून त्यात चिमूटभर साखर घालायची आणि घरी यायचं. आई विचारी, खाल्ली का? किशोर सांगे, खरवडून खाल्ली. एवढं बोलून तो मोरीत जाई आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राही.

कढईत लसूण लाल झाला. भिजवलेली मुगाची डाळ पडली, वर चिवळ पडली आणि घरभर वास सुटला. मंजुषाला भरून आलं. मिसरूड फुटलेला जीवन कढईच्या खरवडीसाठी मोठ्या भावाशी भांडायचा, ते तिनं नवी नवरी असताना पाहिलं होतं.

"तुमीबी खा ना आई थोडी," ती म्हणाली.

"नाही वं. दातात माती कचकचते."

असं म्हणून त्यांनी आपल्यापुरतं पिठलं टाकलं. इतक्या निगुतीनं धुतलेल्या भाजीत माती कुठली? पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार.

निघताना त्यांनी आणखी एक लहान डबा पुढं केला. गयेच्या वाटेवर मूर्तिजापूरच्या माणिकबाईंशी त्यांचं चांगलं गूळपीठ जमलं होतं. जाता जाता तिला हा दे म्हणाल्या.

बस सुटली. मांडीवरचा डबा अजून गरम होता. मंजुषाला वाटलं, हे आपल्याच्यानं होणार नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं? किशोर आतून पोखरला जात होता. रात्री उठून बसे, कामात चुकू लागला होता. सांगावं तर सासूचा जीव जाईल, न सांगावं तर नवरा हातचा जाईल. यातून वाट दाखवणारं कुणीतरी तिला हवं होतं. ती मूर्तिजापूरला उतरली.

माणिकबाईंनी डबा उघडला, वास घेतला आणि भाकरी घेऊन ओट्यावरच जेवायला बसल्या. मंजुषानं एक शब्द न लपवता त्यांना सगळं सांगितलं. जीवनचं मरण, रस्त्यावर उपडा होणारा डबा, साखर, सगळं. सांगताना ती रडली.

"आता तुमीच सांगा मावशी, आईले कसं सांगू? त्यायचं काळीज लय कमजोर हाय."

माणिकबाईंचा घास हातातच राहिला. तो त्यांनी ताटात ठेवला.

"पार्बता चिवळ काहून खात नाही, ठाऊक हाय तुले?"

"दातात माती कचकचते म्हणतात."

"गयेले सोडली तिनं. गेलेल्या माणसाले जे आवडते, ते तिथं सोडा लागते." माणिकबाईंनी ताट बाजूला सारलं. "पोराच्या नावानं पिंड देल्ला अन् चिवळ सोडली. मले म्हणे, किशोरले कदी कळू देऊ नको. त्याचं काळीज लय कमजोर हाय."