महोत्सव निर्विघ्न पार पडला

गृहखात्याच्या सचिवांच्या खोलीबाहेरच्या बाकावर काका येऊन बसले, तसा शिपायाने न विचारता त्यांच्यापुढे चहा ठेवला. गेले अकरा दिवस ते रोज येत होते. त्यांच्या चहात किती साखर लागते हे आता शिपायालाही पाठ झालं होतं.

गावाला त्यांची दया येत होती. संसद बरखास्त झाली, चौकाचौकांत लष्कराच्या गाड्या उभ्या राहिल्या, आणि आठवडाभरातच काकांच्या जावयाला कॉलेजच्या स्टाफरूममधून उचलून नेलं. जावई इतिहास शिकवायचा; तोंडाचा फटकळ. गेल्या वर्षी काकांच्याच संगीत महोत्सवात बायकोचं गाणं संपल्यावर तो माइक हातात घेऊन चार मिनिटं सरकारवर बोलला होता. टाळ्या थांबता थांबेनात. महोत्सवाचा परवाना जाता जाता राहिला. तो कसा राहिला, हे काकांनी कुणाला सांगितलं नाही.

यंदा परवाना मिळाला तो एकाच अटीवर. मंचावरून राजकारणाचा ब्रसुद्धा निघता कामा नये. शिवाय संचारबंदी, म्हणजे सगळं दुपारी चारच्या आत उरकायचं.

काका एकेका कलावंताच्या घरी गेले. मैदानात आठ हजार माणसं असतात, त्यांत लेकरं असतात, आणि कुंपणापलीकडे बंदुका उभ्या असतात, एवढंच ते सांगायचे. व्हायोलिनवाला म्हणाला, आमच्या वाजवण्यात शब्दच नाहीत, मग तर चालेल ना? काका म्हणाले, सूरही जरा जपूनच लावा. दोघेही हसले.

ड्रमवाला मात्र हसला नाही. बारा वर्षं तो काकांच्या लेकीला साथ करत आला होता.

"जावई तुमचा आत आहे, आणि गप्प आम्ही बसायचं?" तो म्हणाला.

काकांचे डोळे भरून आले. मग ड्रमवाल्यालाच ओशाळल्यासारखं झालं. त्याने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि माफी मागितली.

लेक माहेरी येऊन राहिली होती. नवऱ्याचे धुतलेले शर्ट ती पुन्हा पुन्हा इस्त्री करायची. बाप घरी आला की एकच प्रश्न विचारायची, भेटला का? भेटू देत नाहीत, असं काका सांगायचे. मारलंय का, तर तसं कानावर आलं नाही. फक्त जेवत नाही म्हणतात.

कार्यक्रमाच्या सकाळी तिने शेवटचं सांगून टाकलं. ती भाषण करणार नव्हती. नवऱ्याचं नाव घेणार होती आणि तो कुठे आहे, एवढंच विचारणार होती. लोक तेवढ्यासाठीच येणार होते, हे तिलाही माहीत होतं.

काका तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. तिच्या हातातली इस्त्री त्यांनी काढून बाजूला ठेवली.

"चिमणे, नुसती गाऊन ये. तो सुटेल. माझ्या हातात आहे तेवढं मी करतोय. तू बोललीस, तर माझ्या हातात काही उरणार नाही."

"शब्द दिलाय त्यांनी?"

"दिलाय."

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. मग केस बांधायला उठली.

मैदान दीडलाच भरलं. ती चार गाणी गायली. प्रत्येक गाणं संपलं की आठ हजार माणसं श्वास रोखून थांबायची, आणि ती पुढचं गाणं उचलायची. चौथं संपल्यावर ती माइकपाशी तशीच उभी राहिली. ओठ उघडले. विंगेत उभ्या बापाकडे तिने एकदा पाहिलं. मान लववली आणि ती मंचावरून उतरली.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "विकली गेली." तो शब्द पुढच्या रांगांपर्यंत यायला फारसा वेळ लागला नाही. पाण्याची बाटली तिच्या खांद्यावर येऊन आदळली. ड्रमवाल्याने काठ्या जमिनीवर ठेवल्या आणि तो दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी निघून गेला. फाटकापाशी एक बाई उभी होती; तिचा मुलगाही त्याच तुरुंगात होता. ती लेकीच्या पायांजवळ थुंकली. लेकीने पाय मागे घेतला नाही.

इस्त्रीच्या शर्टांची पिशवी तिने सकाळीच भरून आणली होती. काकांनी आपला कोट तिच्या खांद्यांवर घातला, तिला गाडीत बसवलं आणि तुरुंगाच्या दाराशी थांबायला सांगितलं. मी आत्ता फोन लावतो, म्हणाले. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. गाडी वळेपर्यंत काचेतून त्यांच्याकडे बघत होती.

काका आयोजकांच्या तंबूत आले. आता तिथे कुणी नव्हतं. त्यांनी बूट काढले, पाय लांब केले आणि सचिवांना फोन लावला.

सचिव खूश होते. मंत्री स्वतः शेवटपर्यंत बसले होते, आजच्या बातम्यांत ते चारही गाण्यांचे तुकडे दाखवणार होते. देश शांत आहे याचा याहून चांगला पुरावा कुठला? लेकीचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. मग कागद चाळल्याचा आवाज आला.

"बरं, तुमच्या जावयाचं. तुम्ही म्हणालात म्हणून उचललं त्याला, महोत्सव होईस्तोवर. झाला महोत्सव. आता सोडू?"

बाहेर मजूर मंचावरचा गालिचा गुंडाळत होते. काकांनी क्षणभर विचार केला.

"राहू द्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी सुवर्णमहोत्सव आहे."