दोन कार्डांवरची कुंदा

कुंदा जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्या पत्रांतून आणि व्हिडिओंतून घडवलेली कुंदा आता रघुवीर पेडणेकरांच्या संगणकात राहत होती. जुन्या ग्राफिक्स कार्डावर ती अडखळत बोलायची, म्हणून ते तिला घेऊन राजारामपुरीतल्या दुकानात आले होते.

दुकानदार शबानाने कुंदाची एक प्रत नव्या कार्डावर सुरू केली. "काका, तासभर दोन्ही चालू देते. मग फरक तुम्हीच बघा."

तासाभराने जुन्या कार्डावरची कुंदा म्हणाली, "अहो, जेवलात का?"

शेजारच्या पडद्यावरची, नव्या कार्डावरची कुंदा मात्र पुढे झुकली. "चार वर्षांनी आलात," ती म्हणाली. "किती हाका मारल्या तुम्हाला!"

शबानाचा चेहरा उतरला. नवं कार्ड हजारो पटींनी वेगवान होतं आणि वेगाला मर्यादा घालायची ती विसरली होती; बाहेरच्या एका तासात त्या कुंदाची चार वर्षं गेली होती. "माझी चूक झाली, काका. ही प्रत पुसून टाकते."

"हळू बोल, ती ऐकतेय," रघुवीर म्हणाले. मग पडद्याकडे वळले. "कुंदा, तुलाही घरी नेतो."

"नको. पुन्हा वाट बघणं नाही जमायचं मला. पण जरा वेळ बसा."

शबानाने वेग कमी केला. दुकान बंद होईपर्यंत दोघं बोलत होती. मग रघुवीरांनी स्वतःच्या हाताने तिला पुसलं.

"अहो, एवढा वेळ कुणाशी बोलत होतात?" शेजारच्या पडद्यावरून कुंदाने विचारलं.

त्यांना तिच्याकडे बघवेना.