आठची गोळी

रक्तदाबाची आणि छातीतल्या दुखण्याची गोळी रोज सकाळी आठला घ्यायची, म्हणून परगावच्या लेकीने म्हाताऱ्या घड्याळजींना एक नव्या पद्धतीची डबी पाठवली होती. सव्वाआठपर्यंत डबीचं झाकण उघडलं नाही, तर लेकीच्या मोबाइलवर घंटी वाजायची आणि तिचा फोन यायचा. रोजच यायचा.

"बाबा, आजही विसरलात ना? जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलीत आणि स्वतःची एक गोळी लक्षात राहत नाही तुमच्या!"

"उघडतो गं डबी. तुझा चहा झाला का? आणि आवाज का असा बसलाय?"

महिन्याच्या तपासणीला डॉक्टर चक्रावले. "लेक म्हणते, तुम्ही रोज विसरता. रक्तदाब तर अगदी जागेवर आहे, छातीतही दुखलं नाही म्हणता! राहिली म्हणून दोन एकदम तर घेत नाही ना?"

"छे हो, एकच घेतो," म्हणत घड्याळजींनी वर केलेली बाही खाली ओढली.

दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला त्यांनी, काल फोन झाल्यावर डबीतून काढून ठेवलेली गोळी पाण्याबरोबर घेतली. मग डबी न उघडता तिच्या शेजारी फोन ठेवला, आणि


सव्वाआठ व्हायची वाट बघत बसले.