पाचवी ओळ

मुलांचा चित्रकोश महिन्याभरात छापायला गेला नाही, तर आमचं ऑफिस बंद होणार होतं. म्हणून मी भिंतीवर तयार छापील तक्ता लावला: करायचं, चालू, झालं. माणशी एक ओळ, माणशी एका रंगाच्या चिठ्ठ्या. माझ्या पिवळ्या.

तक्ता पाच ओळींचा होता आणि आम्ही चौघंच: चित्रकार, मुद्रितं तपासणारे काका, पानं लावणारा भाऊ आणि मी.

"पाचवी कापू नका ताई, असू दे शोभेला," चित्रकार म्हणाली.

तिसऱ्या दिवशी त्या ओळीत एक जांभळी चिठ्ठी दिसली: 'नकाशे'. दुपारी ती 'झालं'मध्ये गेली आणि नकाशे खरंच माझ्या टेबलावर होते. मी केले असते त्याहून सुबक!

"देव पावला," काका म्हणाले. "बिचारा रजासुद्धा मागत नाही."

आम्ही पोट धरून हसलो. कोण, कुठला, कुणीच विचारलं नाही. कोश चार दिवस आधीच गेला, ऑफिस वाचलं.

पुढच्या कामाला मात्र मी मुद्दाम चार ओळींचा तक्ता लावला. उगाच कशाला विषाची परीक्षा!

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातूनच दिसलं, चारही ओळी भरल्या होत्या. हिरवी, लाल, निळी आणि जांभळी. पिवळी चिठ्ठी कुठेच नव्हती.

"अरे, माझी ओळ कुठंय?" मी हसत विचारलं. कुणी मान वर केली नाही.

भाऊ चहाचे कप मांडत होता. "आणि हा ताईंचा," म्हणत त्यानं चौथा कप माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला.

मी अजून दारातच उभी होते.

"साखर कमीच ना, भाऊ?" खुर्चीतून माझाच आवाज आला.