बाबा निम्म्या नदीत

बघण्याच्या कार्यक्रमाला हल्ली मुलगा स्वतः कुठे येतो? त्याच्या आठवणींचा ड्राइव्ह घेऊन त्याचे काका आले होते. ड्राइव्ह मशीनमध्ये घातला की घरातल्या सगळ्यांच्या डोक्यांना आपोआप जोडला जातो. तासाभरात बघून परत द्यायचा.

ऋजुताचा नकार दहा मिनिटांत ठरला. मुलगा आईवर ज्या सुरात खेकसायचा, तो सूरच तिला पुरे झाला. पण मशीन ड्राइव्ह सोडेना. 'वापरात आहे,' एवढंच सांगे. कोण वापरतंय ते तिने कमांड देऊन पाहिलं. बाबा.

ते आतल्या खोलीत आरामखुर्चीत डोळे मिटून हात मारत होते.

"बाबा, बाहेर या. मला 'नाही' म्हणायचंय."

"थांब गं. हा पोरगा नदीत पोहायला शिकतोय. मी निम्म्यात आलोय." साठ वर्षांत बाबा गुडघाभर पाण्यातही उतरले नव्हते.

"मग तसाच उपटते."

"उपट. जन्मभर बुडत राहीन."

ऋजुता बाहेर आली. "काका, थोडं थांबावं लागेल. बाबांना ड्राइव्ह सोडवत नाहीये."

काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि फोन लावला.

"वहिनी, कार्यालय बघायला घ्या."