तिसरं गाणं

मैत्रेयीने हात वर केला आणि पेटी थांबली.

"आता काय झालं वं?" कांताबाईंनी विचारलं.

"मावशी, दुसरं गाणं सीडीवर उतरून राह्यलं. ते झाल्याबिगर पुढचं घेत नाही मी."

आर्णीच्या बुद्धविहारात दुपारचे दोन वाजले होते. मैत्रेयीने आपण चालवत असलेल्या कॉम्प्युटर क्लासमधला एक कॉम्प्युटर ऑटोत घालून आणला होता. पेटीवर डोमाजी, ढोलकीवर त्यांचा भाऊ फकिरा, मधे डोमाजींची बायको कांताबाई. तिघांनी वीस वर्षं गावोगाव भीमगीतं गायली. कापसाचे भाव पडल्यापासून बोलावणी कमी झाली, पण गाण्याची पार्टी मोडली नव्हती. उद्या नागपुरात कांताबाईंच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन होतं. आवाज राहील का, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले होते, "पाहू."

म्हणून मैत्रेयी कशावरच विसंबत नव्हती. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, बाकी सगळे प्रोग्राम बंद होते, प्रत्येक गाण्याची वेगळी फाईल आणि लगेच वेगळी सीडी. इलाज नव्हता तो पंख्यांवर आणि शेजारच्या पिठाच्या चक्कीवर. दोन्ही गाण्यांत त्यांची घरघर उतरली होती. पण मे महिना होता, पंखे बंद केले की कांताबाईंना धाप लागायची.

"हं, घ्या."

तिसरं गाणं कांताबाईंनी स्वतः बांधलेलं होतं. आईच्या कडेवर बसून त्या दीक्षेला नागपूरला गेल्या होत्या, त्याचं. ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या कडव्यात वीज गेली. डोमाजींचा हात पेटीवरून आपोआप खाली आला. फकिराही थांबला. कांताबाईंनी ओळ सोडली नाही. डोळे मिटून त्या गातच राहिल्या.

मैत्रेयीने स्क्रीनकडे पाहिलं. आवाजाची हिरवी रेघ वरखाली होत होती. कानातल्या हेडफोनमध्ये मात्र काहीतरी बदललं होतं. पंखे थांबले होते, चक्कीही. आता फक्त कांताबाई होत्या. ओठ उघडण्याचा, श्वास घेण्याचा आवाजही ऐकू येत होता. तिने डोमाजींना खूण केली, चालू ठेवा. डोमाजींनी हळूच सूर धरला, फकिराने बोटांनीच ठेका दिला.

गाणं संपलं तेव्हा कांताबाईंचा पदर घामाने भिजला होता.

"गेलं ना?" त्या म्हणाल्या. "लाईन गेली तवाच समजलं मले."

"मग थांबल्या काहून नाही?"

"कडवं अर्धं कसं सोडू वं?"

मैत्रेयीने फाईल सेव्ह केली, सीडीवर उतरवली, मग हेडफोन कांताबाईंच्या कानांवर ठेवून गाणं लावलं. विहारात कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, एकट्या कांताबाईंना येत होतं. पहिलं कडवं त्यांनी नुसतं ऐकलं. दुसऱ्याला त्या स्वतःच सोबत गाऊ लागल्या. वरच्या सुरावर त्यांचा गळा चिरकला. त्या थांबल्या, गाठीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

डोमाजी घाबरून जवळ आले. "काय झालं?"

कांताबाईंनी हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला.

"मी हुकली," त्या म्हणाल्या, "थे यातली नाही हुकली."